आप्पांचे अठरा टक्के

समोरचा बोलत असतो तेव्हा आपण बहुतेक वेळा त्याचं ऐकत नसतो, आपली पाळी कधी येते याची वाट बघत असतो. हे सगळ्यांना आधीपासून ठाऊक होतं. फरक इतकाच पडला, की आता ते मोजता यायला लागलं.

मोजायचं यंत्र म्हणजे कानामागे चिकटवायची, बोटाच्या दोन पेरांएवढी एक पट्टी. कंपनीने तिचं नाव 'अवधान' असं भारदस्त ठेवलं होतं. लोकांनी दोन महिन्यांत तिची कानपट्टी करून टाकली. तिच्यामागचं शास्त्र फार अवघड नव्हतं. माणूस बोलतो तेव्हा त्याच्या आवाजाला चढउतार असतात, सेकंदाला चार-पाच. ऐकणारा मनापासून ऐकत असेल, तर त्याच्या मेंदूतली विद्युतलहर त्याच चढउतारांनी हलते, फक्त किंचित मागाहून, सेकंदाच्या दहाव्या हिश्शाने वगैरे. मन गॅसवरच्या दुधाकडे गेलं, की ही जोडी सुटते. कानपट्टी एका अंगाने बोलणाऱ्याचा आवाज टिपायची, दुसऱ्या अंगाने कातडीवरून ही लहर टिपायची, आणि दोन्ही रेघा एकमेकींवर ठेवून पाहायची. जितक्या जुळल्या तितके टक्के. मन भरकटलं की कानामागे बारीक थरथर व्हायची, म्हणजे माणूस भानावर यायचा.

आणखी एक प्रकार होता. कधी कधी लहर आवाजाच्या मागे नसायची, पुढे असायची. म्हणजे समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत याने ते मनातल्या मनात पुरं करून टाकलेलं. कंपनीच्या पुस्तिकेत त्याला 'पुढे पळालेलं मन' म्हटलं होतं आणि त्याला गुण नव्हते. नवरेमंडळींत हे प्रमाण जास्त सापडतं, असं प्रशिक्षणात सांगितलं, तेव्हा हॉलमधल्या सगळ्या बायका हसल्या होत्या. सगळ्यांत मोठ्याने हसली होती ती वृषाली दिवटे.

वृषाली चौतीस वर्षांची. कोल्हापुरात एका समुपदेशन केंद्रात नोकरीला. घटस्फोटाचा अर्ज पुढे जाण्याआधी नवरा-बायकोला तिच्यासमोर सहा वेळा बसावं लागे, दोघांच्या कानामागे पट्ट्या लावून. शेवटच्या अहवालात दोघांचे टक्के लिहिले जात. तिचं स्वतःचं लग्न तीन वर्षांत आटोपलं होतं, आणि तेव्हा ही पट्टी असती तर तीन महिन्यांत आटोपलं असतं, असं ती मैत्रिणींना सांगायची. बाहेरही पट्टीचा बोलबाला झाला होता. लग्नाच्या जाहिरातींत उंची आणि पगाराच्या शेजारी 'कान ऐंशीच्या पुढे' असं छापून येत होतं. शाळेत पालकसभेला मास्तरांचा कान विचारला जाई. मोठमोठ्या साहेबांना मात्र पट्टी लावायची वेळ आली, की नेमकी कानामागे खाज यायची.

कामावर वृषालीही पट्टी लावायची, आणि तिचा कान एकोणनव्वद होता. खुर्चीत मात्र तिला पाच मिनिटं स्वस्थ बसवत नसे. पेनाचं टोपण काढायची, घालायची, पाय हलवायची, समोरचं माणूस रडत असलं तरी बोटं टेबलावर नाचायची. एकोणनव्वद टक्के असल्यावर बोटांचं कोण मनावर घेतो.

ज्याच्यावर तिचा खरा राग होता तो माणूस अठ्ठावीस किलोमीटरवर इचलकरंजीत राहत होता. तिचे वडील, विश्वनाथ दिवटे, आप्पा. घराच्या मागच्या अंगाला पत्र्याचा कारखाना, त्यात धोट्याचे साधे माग. एके काळी सोळा होते, आता आठ उरले होते, आणि कामगार मिळत नाहीत म्हणून चौसष्टाव्या वर्षी आप्पा स्वतःच ते चालवत होते. नव्या मागांना आडवं सूत घेऊन इकडून तिकडे धावणारा धोटा नसतो आणि एवढा आवाजही नसतो. आप्पांच्या मागांचा असा गजर, की आत गेल्यावर आपलाच आवाज आपल्याला येत नाही.

लहानपणापासून वृषालीची एकच तक्रार. आप्पा ऐकत नाहीत. ती स्वयंपाकघरातून सांगतेय, आप्पा ढिम्म. ती पुस्तकात डोकं घालून काही विचारतेय, आप्पा उठून चालले. समोर बसून बोललं तर टक लावून तोंडाकडे बघत राहायचे, पापणी न हलवता, भिंतीकडे बघावं तसे. मग हूं म्हणायचे. बारावीचा निकाल तिने त्यांच्या पाठीमागे उभं राहून सांगितला होता, आणि आप्पा सुताचा गुंता सोडवत राहिले होते. ते तिने अजून मनातून काढलेलं नव्हतं.

आईचं, म्हणजे शालनचंही गाऱ्हाणं तेच. फोनवर दर दोन दिवसांनी. पण गाऱ्हाण्याच्या शेवटी ती स्वतःच स्वतःची समजूत घालायची, की जाऊ दे, बोलत नसतील, ऐकत असतील. या शेवटच्या वाक्याची वृषालीला चीड होती.

म्हणून माग बंद असलेल्या एका दिवशी ती केंद्रातल्या दोन पट्ट्या आणि त्यांचे आकडे दाखवणारी पाटी पर्समध्ये घालून इचलकरंजीला गेली. केंद्राच्या पट्ट्या घरी न्यायला परवानगी नव्हती. वयस्कर लोकांवर चाचणी, असं तिने मनाशी नाव दिलं. खरं सांगायचं तर तिला आप्पांना हरवायचं होतं.

जेवणं झाल्यावर तिने दोघांना समोरासमोर बसवलं. आधी आईने दहा मिनिटं बोलायचं, आप्पांनी ऐकायचं, मग उलट. पट्टी लावून घेताना आप्पांनी काही विचारलं नाही. शालन आधी लाजली, मग मिरजेच्या बहिणीच्या गुडघ्यावर आली, तिथून पाण्याच्या टाकीवर, आणि सहाव्या मिनिटाला मूळ दुखण्यावर. आता माग मोडीत काढा आणि घरात बसा, तुमचे हात थरथरतात, मला बघवत नाही. हे म्हणताना तिने सवयीने पदर तोंडाशी नेला. नाजूक काही बोलायचं म्हटलं की शालनचा पदर ओठांवर जायचा. तिच्या आईचाही तसाच जायचा. आप्पा टक लावून बघत होते. मध्येच त्यांच्या कपाळाला आठी पडली, मग ती गेली.

वृषालीच्या हातातल्या पाटीवर आकडे आले. आईचा कान शहात्तर. आप्पांचा अठरा, आणि खाली शेरा: पुढे पळालेलं मन.

केंद्रात तीन वर्षांत तिने एवढा कमी आकडा क्वचित पाहिला होता. पाटी बंद करून 'ठीक आहे दोघांचं' म्हणता आलं असतं. तिने पाटी आईकडे वळवली.

"शंभरातले?" शालनने विचारलं.

वृषालीने मान हलवली. शालन उठून भांडी घासायला गेली. आप्पांनी कानामागची पट्टी काढून तिच्या हातात दिली.

"चुकत असंल मिशीन," ते म्हणाले.

"मशीन चुकत नाही, आप्पा."

आप्पा तिच्या तोंडाकडे बघत राहिले. "मग आसंल तसं," म्हणाले आणि मागाला तेल द्यायला गेले.

चौथ्या दिवशी शालन कोल्हापुरात तिच्या दारात उभी होती. एका हातात कपड्यांची बॅग, दुसऱ्या हातात लोणच्याची बरणी. लोणचं आणलं म्हणजे दोन दिवसांचा मुक्काम नव्हे, एवढं वृषालीला कळलं. तिने विचारायच्या आधीच आईने सांगून टाकलं, की परत जाणार नाही.

वृषालीला आधी बरं वाटलं. लपवण्यात अर्थ नाही, तिला चक्क जिंकल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून मात्र तिला घरात चैन पडेना. आई पहाटे उठायची, ओटा पुसायची, पुसलेला ओटा परत पुसायची, आणि मग खिडकीशी खुर्ची घेऊन बसायची. टीव्ही नको, देऊळ नको, शेजारी नकोत. आप्पांचा फोन आला नाही, आणि आईने केला नाही. वृषाली गॅलरीत जायची, आत यायची, परत गॅलरीत जायची. केंद्रात बसून लोकांना 'वेळ द्या, घाई करू नका' असं सांगताना तिच्याच टेबलाखाली तिचा पाय शिवणयंत्र चालवावं तसा हलत असे.

आठव्या दिवशी तिने आईसमोर विषय काढला. आकड्याचं एवढं काय मनाला लावून घेतलंस, असं ती म्हणाली, आणि हे आपण म्हणतोय याची तिची तिलाच लाज वाटली.

"आकड्याचं न्हाई गं," शालन म्हणाली. "मला वाटायचं, बोलत नसतील, पण ऐकत असतील. तेवढ्यावर काढली मी एवढी वर्सं. आता काय ऱ्हायलं?"

मग तिने पदर तोंडावर घेतला, आणि वृषालीने जन्मात कधी न ऐकलेली गोष्ट सांगितली. वृषालीच्या आधी दोन वर्षं एक मुलगा झाला होता. तीन दिवसांचा होऊन गेला. बारसं बाराव्या दिवशी असतं, तोवर राहिलाच नाही, तेव्हा त्याला नाव असं पडलंच नाही. घरात पुढे त्याचा विषय निघाला तर मोठी माणसं 'ते' म्हणायची. महिन्याभराने, दिवे मालवल्यावर, शालनने नवऱ्याला विचारलं होतं, की आपल्यापुरतं, कुणाला न सांगता, त्याला एक नाव ठेवायचं का. नवरा बोलला नाही. दुसऱ्या रात्री तिने परत विचारलं. तिसऱ्या रात्रीही विचारलं. मग कधीच नाही विचारलं.

"मला वाटलं, त्यास्नी सोसत नसंल. ऐकून गप्प बसले असतील," पदराआडून ती म्हणाली. "आता कळालं, ऐकलंच न्हवतं."

वृषाली पुढे वाकून ऐकत होती. केंद्रातली पट्टी अजून तिच्या कानामागे होती. आई आत गेल्यावर तिचा हात आपोआप पाटीकडे गेला, आणि तिने स्वतःचा आकडा पाहिला. त्र्याण्णव. आजवरचा तिचा सगळ्यांत चांगला. तिने पाटी सोफ्यावर उलटी टाकली आणि चप्पल घालून जिना उतरली. कुठे जायचं ते ठरलेलं नव्हतं, म्हणून रंकाळ्याला दोन चकरा मारून परत आली.

आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या इचलकरंजीला राहिल्या होत्या. गोळ्या कोल्हापुरातही मिळतात, पण भांडायला निमित्त लागतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती घरी गेली. पुढचं दार उघडं, घरात कुणी नाही, आणि मागून आठही मागांचा धडधडाट. ती तशीच कारखान्यात शिरली.

आप्पा पलीकडच्या ओळीत होते, दोन मागांच्या मध्ये, तिच्याकडे तोंड करून. त्यांनी तिला पाहिलं आणि हनुवटी वर करून विचारलं, काय? वृषालीला एकदम रडू आलं. या गजरात तिचं तिला ऐकू येत नव्हतं, त्यांना काय येणार, आणि नेमक्या त्याच भरवशावर इतके दिवस कोंडलेलं सगळं तिच्या तोंडून बाहेर पडलं. आईने अंधारात तीन रात्री विचारलं होतं. त्या बाळाला आपल्यापुरतं नाव ठेवायचं का म्हणून विचारलं होतं. तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत, आप्पा. एक अक्षर नाही. कारखान्यात वाढलेली पोर ती. आत शिरल्याबरोबर तिचे ओठ आपोआप मोठे हलत होते, लहानपणी कामगारांशी बोलताना हलायचे तसे.

आप्पांनी हात लांब करून जवळचा माग थांबवला. मग दुसरा. मग फिरून सगळे आठ. शेवटचा थांबला तेव्हा कानात नुसता सूं असा आवाज राहिला.

"कवा इचारलं तिनं?" आप्पांनी विचारलं.

वृषालीला क्षणभर कळेना. "काय?"

"बाळाच्या नावाचं. तीन रात्री म्हनालीस न्हवं. कवा?"

तिने सांगितलेला शब्दन् शब्द त्यांना कळला होता. आठ माग चालू असताना, वीस फुटांवरून. ती जवळ गेली. तिच्या मनात काहीतरी हललं होतं, पण ते अजून हाताला लागत नव्हतं. तिने तळहात तोंडासमोर धरला आणि त्या शांत कारखान्यात, नेहमीच्या आवाजात म्हणाली, की आप्पा, तुमच्या शर्टाचं वरचं बटण तुटलंय.

आप्पा तिच्या तळहाताकडे बघत राहिले. कपाळाला आठी पडली. "हात काढ की. काय म्हनालीस?"

"आवाज आला?"

"आवाज येतोय. बोलनं न्हाई आलं."

तिने हात काढून तेच वाक्य परत म्हटलं, यावेळी आवाज अजिबात न काढता, नुसते ओठ हलवून. आप्पांनी खाली बघून बटण चाचपलं.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सोळाव्या वर्षापासून ते मागावर. मागावरची सगळीच माणसं तोंड बघून बोलणं ओळखतात, त्यात विशेष काही नाही. कान थोडा जातो, तो सगळ्यांचाच जातो. त्यासाठी डॉक्टरकडे कोण जातं? घरातली माणसं पुटपुटतात, तोंडातल्या तोंडात बोलतात, एवढं त्यांना वाटायचं. बायकोचं बोलणं दिवसा कळतं आणि काही वेळा कळत नाही, म्हणजे तिला सांगायचं नसेल, असं ते धरून चालले होते. आपण डोळ्यांनी ऐकतो हे त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं. मागावरच्या कुणालाच नसतं, कारण सगळ्यांचं तसंच असतं.

आप्पा बिमावर, सूत गुंडाळलेल्या जाड रुळावर टेकले. "मी डाव्या कुशीवर झोपतो गं," ते म्हणाले. "तिच्याकडं पाठ करून. पहिल्यापास्नं." थोड्या वेळाने परत म्हणाले, "तीन रात्री?"

आप्पांनी चेहरा पुसला, उठले, आणि एकेक माग परत सुरू करू लागले. तिसऱ्या मागापाशी थांबून त्यांनी तिच्याकडे पाहून नुसते ओठ हलवले. तिला काही सांगू नको. मी येतो.

घरी पोचेपर्यंत वृषालीला धीर नव्हता. गाडीतच तिने पाटी उघडून त्या दिवशीच्या दोन्ही रेघा काढल्या. आईचा आवाज आणि आप्पांची लहर. इतके दिवस तिने फक्त आकडा पाहिला होता, रेघा पाहिल्याच नव्हत्या. आप्पांची लहर जिवंत होती, चढाला चढ, उताराला उतार, कुठेही भरकटलेली नाही. फक्त ती आवाजाच्या मागे नव्हती. जवळजवळ दोन दशांश सेकंद पुढे होती.

ओठ आवाजाच्या आधी हलतात. 'प' म्हणायचा तर ओठ आधी मिटावे लागतात, आवाज नंतर फुटतो. कानाने ऐकणाऱ्याला शब्द पोचतो तेव्हा डोळ्यांनी ऐकणाऱ्याने तो उचललेला असतो. आप्पांचं मन पुढे पळालं नव्हतं, ते आईच्या ओठांबरोबर चाललं होतं. मधल्या दीड मिनिटात तेवढी लहर सपाट होती. आईने पदर तोंडाशी नेला होता ते दीड मिनिट.

तिने पुण्याला कंपनीतल्या रेवणकरला फोन लावला. प्रशिक्षण त्यानेच दिलं होतं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, रेघा मागवल्या, आणि अर्ध्या तासाने सांगितलं, की तिचं बरोबर असू शकतं. पट्टीचं मोजमाप अडीचशे जणांवर बेतलेलं होतं, सगळे विद्यार्थी, सगळ्यांचे कान धडधाकट. पुढची लहर शून्य धरायची, हे तेव्हाच ठरलं होतं. वेळ उलटी धरून मोजलं, तर तिच्या वडिलांचा कान एक्क्याण्णव येतो. पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करू, तोवर हे लेखी कुठे पाठवू नका, असंही तो म्हणाला. वृषालीने त्या संध्याकाळी केंद्राच्या कपाटातून इचलकरंजीच्या मागवाल्यांचे अहवाल काढले. अकरा निघाले. अकराही जणांच्या नावापुढे तिच्या अक्षरात लिहिलेलं होतं, पुढे पळालेलं मन. तिने लेखी पाठवलं, केंद्रप्रमुखांना आणि कंपनीला, दोघांनाही. त्या अकरा घरांपैकी किती अजून उभी आहेत, हे तिला माहीत नव्हतं आणि विचारायची हिंमतही होईना.

आप्पांनी सांगितलेलं तिने ऐकलं होतं. पाळलं मात्र नाही. घरात पाऊल टाकल्या टाकल्या तिने पाटी आईच्या मांडीवर ठेवली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं, लहर, ओठ, दोन दशांश सेकंद, एक्क्याण्णव. शालनने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"परवा मिशीन म्हनालं अठरा," ती म्हणाली. "आज म्हनतंय एक्क्याण्णव. उद्या काय म्हनंल?"

"अगं, पण आप्पांना खरंच..."

"तू सांगालीस. मिशीन सांगालंय." शालनने पाटी बाजूला ठेवली. "त्यांचं त्यांनी सांगावं."

रविवारी अकराच्या सुमाराला आप्पा आले. इस्त्रीचा शर्ट, वरचं बटण नवं, जरा वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने लावलेलं. हातात काही नाही. शालन आतल्या खोलीत जायला उठली, तशी वृषालीने तिला थांबवायला तोंड उघडलं, आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच ते मिटून घेतलं.

आप्पांनी खोलीभर पाहिलं. मग खिडकीजवळची खुर्ची उचलली आणि उजेड तोंडावर पडेल अशी फिरवून ठेवली. दुसरी तिच्यासमोर ओढून घेतली आणि बसले.

"बस हितं," ते म्हणाले.

शालन बसली. पदर तोंडावरच होता.

"पदर खाली घे."

"का?"

हा शब्द पदराआडूनच आला. आप्पांनी मान हलवली. "न्हाई कळालं. खाली घे जरा. मला दिसलं तरच ऐकू येतंय, शालन. मला म्हाईत न्हवतं. पोरीनं दावलं म्हनून कळालं."

शालनने मुलीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. पदर हळूहळू खाली आला. तिच्या ओठांवरची बारीक लव, कोपऱ्यातल्या सुरकुत्या, सगळं उजेडात आलं, आणि ती एखाद्या परक्या माणसासमोर बसल्यासारखी अवघडली.

"अंधारात काय इचारलं हुतंस," आप्पा म्हणाले, "ते परत इचार."

वृषाली दाराशी उभी होती. केंद्रातून आल्यावर कानामागची पट्टी काढायचं राहून गेलं होतं, रात्रभर तशीच होती. एरवी अशा वेळी ती पाणी आणते म्हणाली असती, पंखा वाढवला असता, काहीतरी बोलून मोकळी झाली असती. तिने दाराची चौकट घट्ट धरून ठेवली.

"आता इचारून काय," शालन म्हणाली.

"इचार तरी."

ती मांडीवरच्या हातांकडे बघत राहिली. आप्पा थांबले. पुढे वाकले नाहीत, घाई केली नाही, हूं म्हणाले नाहीत. तेच ते टक लावून बघणं. चौतीस वर्षं वृषालीने ज्याला भिंतीकडे बघणं म्हटलं होतं, ते तिने आज बाजूने पाहिलं. आप्पा पापणीसुद्धा लववत नव्हते, कारण तेवढ्यात एखादा शब्द निसटला असता.

"त्याला नाव ठेवायचं का," शालनने विचारलं.

"तू काय ठरवलं हुतंस?"

शालनने मान वर केली. हात सवयीने पदराकडे गेला, अर्ध्यावर थांबला आणि खाली आला. तिने नाव सांगितलं. पण गळा असा भरून आला होता, की आवाज फुटलाच नाही. नुसते ओठ हलले. एकदा मिटले, गोल झाले, उघडले. वृषालीने जीव कानात आणून ऐकलं, आणि तिला काहीही ऐकू आलं नाही. कानामागे पट्टी बारीक थरथरली.

"मुकुंद," आप्पा म्हणाले.

शालनने मान डोलावली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला तिने पदर घेतला, आणि तोंड मोकळं राहील असा धरून फक्त डोळे पुसले.

"चांगलं हाय," आप्पा म्हणाले. खुर्ची त्यांनी आणखी थोडी पुढे ओढली. "आनि काय काय बोलायचीस? फुडं सांग."